खगोल भौतिकी : भारतीय विद्यापीठांतील उच्च अध्ययन व संशोधन

खस्थ पदार्थांची केवळ स्थाने व गती नव्हे, तर त्यांचे तापमान, रासायनिक संघटन, अंतर्रचना व उत्क्रांती यांचा भौतिकीच्या नियमांच्या आधारे अभ्यास करणारी ज्योतिषशास्त्राची (अर्थात फलज्योतिषाशी संबंध नसलेल्या ज्योतिषशास्त्राची) शाखा म्हणजे खगोल भौतिकी होय. जी. आर. किरखोफ व आर. डब्ल्यू. बन्सन यांनी १८५९-६० च्या सुमारास वर्णपटातील रेषा व मूलद्रव्ये यांचा संबंध प्रस्थापित केला, तेव्हापासून या शाखेस आरंभ झाला असे सामान्यतः मानतात. या विषयाच्या उच्च अध्ययनास तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात : भौतिकी व गणित यांचा भक्कम पाया, वेध घेण्याची साधने आणि दरवर्षी नव्याने येणारे विद्यार्थी. भारतात यांपैकी पहिली व तिसरी गोष्ट विद्यापीठांत होती, दुसरी मात्र बहुतेक काळ विद्यापीठांबाहेर राहिली. या विषयाचा भारतीय विद्यापीठांतील इतिहास हा मुख्यतः या ताटातुटीचा व ती मिटविण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

सरकारी वेधशाळा व विद्यापीठे : मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली, तेव्हा ती केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणाऱ्या संस्था होत्या. अध्यापन महाविद्यालयांत होई आणि संशोधन हे विद्यापीठाचे काम आहे, अशी कल्पनाच नव्हती. दुसरीकडे वेधशाळा या सरकारी खात्याच्या भाग होत्या. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये मद्रास येथे उभारलेल्या वेधशाळेचे मुख्य काम ताऱ्यांच्या स्थानांचे मापन व वेळेचे नियमन हे होते. १८९९ मध्ये कोडईकानल येथे सौर वेधशाळा सुरू झाली. तेथेच १९०९ मध्ये जॉन एव्हर्शेड यांनी सौर डागांतील वायू केंद्राकडून बाहेर वाहतो, हा महत्त्वाचा शोध लावला. हे काम उच्च दर्जाचे होते, परंतु देशातील कोणत्याही वर्गाशी त्याचा संबंध नव्हता. कोडईकानलच्या दूरदर्शकातून पाहून शिकलेला पदवीधर अशी व्यक्ती त्या काळी जवळजवळ नव्हतीच.

पुण्याची वेधशाळा : या परिस्थितीस एक लक्षणीय अपवाद पुण्यास होऊन गेला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील तरुण अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांच्या प्रयत्नांमुळे भावनगर संस्थानचे महाराजा तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये ५,००० रुपयांची देणगी दिली व मुंबई सरकारने तेवढीच रक्कम तीत घातली. मूळ उद्देश वर्णपटविज्ञानाची एक प्रयोगशाळा काढण्याचा होता. नायगमवाला यांनी इंग्लंडला जाऊन तेथील ज्योतिर्विदांचा, विशेषतः नॉर्मन लॉक्यर यांचा, सल्ला घेतला आणि प्रयोगशाळेऐवजी वर्णपटीय वेधशाळाच उभारण्याचे ठरविले. १८८५ मध्ये त्यांची पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात (नंतरचे अभियांत्रिकी महाविद्यालय) बदली झाली व १८८८ मध्ये त्या महाविद्यालयाच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख साधन म्हणजे डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील परावर्तक दूरदर्शक होय. तो २० इंची (सु. ५१ सेंमी.) दूरदर्शक म्हणून ओळखला जातो. त्या काळी एवढा मोठा दूरदर्शक भारतात दुसरा नव्हता.

नायगमवाला यांच्या कामाचे महत्त्व एका उदाहरणावरून लक्षात येईल. मृग नक्षत्रातील अभ्रिकेच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ही रेषा कोणत्या मूलद्रव्याची, यावर त्या वेळी तीव्र वाद चालू होता. अभ्रिका व तारे हे उल्काकणांच्या थव्यांपासून बनले आहेत, असे लॉक्यर यांचे मत होते. त्यामुळे ती रेषा म्हणजे उल्कांतील मॅग्नेशियमाच्या पट्ट्याची कड होय, असे ते प्रतिपादन करीत. कड असेल तर ती एका बाजूस अस्पष्ट होत गेलेली दिसावयास हवी. नायगमवाला यांना पुण्याहून घेतलेल्या वेधांत ती सर्व परिस्थितींत रेखीव आढळली आणि १८९१ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध केला. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष होता. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनाची आहे, हे १९२७ मध्ये आय. एस. बोएन यांनी दाखविले, तेव्हा वादाचा निकाल लागला. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ देऊन किरीटाची व वर्णपटाची छायाचित्रे घेतली. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल यांचाही तळ त्याच गावी पडला होता. या ग्रहणावरील नायगमवाला यांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

नायगमवाला १९१२ मध्ये सेवानिवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद करण्यात आली. तिची सर्व उपकरणे कोडईकानलला पाठविण्यात आली. मोठा दूरदर्शक तेथे १९५१ पर्यंत उभारलाही गेला नाही. पुढे लडाखमधील लेह येथे नव्या वेधशाळेसाठी स्थळाची पारख करताना त्याचा उपयोग झाला. पुण्याची वेधशाळा महाविद्यालयात होती खरी, पण ती महाविद्यालयाची झाली नव्हती. ती एका व्यक्तीभोवती उभी होती व त्या व्यक्तीबरोबरच ती गेली. एका सरकारी खात्यातून दुसऱ्या सरकारी खात्यात उपकरणे हलविणे हे कारकुनी दृष्टीने काटकसरीचे असेल, परंतु त्यामुळे पश्चिम भारतातील महाविद्यालयीन शिक्षणातून खगोल भौतिकी पाऊणशे वर्षे जवळजवळ नाहीशी झाली.

कलकत्ता व साहा यांचे कार्य : विद्यापीठाने स्वतः पदव्युत्तर अध्यापन व संशोधन करावे, ही कल्पना प्रथम कलकत्त्यास सर आशुतोष मुखर्जी यांच्या कुलगुरुपदाच्या काळात मूर्त झाली. १९१४ मध्ये तेथे विज्ञानाचे विद्यापीठीय महाविद्यालय स्थापन झाले व १९१६ च्या सुमारास मेघनाद साहा (१८९३–१९५६) आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोघे नुकतेच एम्.एस्‌सी. झालेले तरुण तेथे अध्यापक म्हणून आले. प्रयोगशाळा जेमतेम होती आणि दूरदर्शक तर नव्हताच. साहा यांनी खगोल भौतिकीचा परिचय करून घेतला तो ॲग्नेस क्लार्क या आयरिश लेखिकेच्या ग्रंथांतून व नियतकालिकांतून. ताऱ्यांच्या वर्णपटांचे हार्व्हर्ड वेधशाळेने केलेले वर्गीकरण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्याबद्दल १९१९ मध्ये त्यांना कलकत्ता विद्यापीठाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली व तीवर ते यूरोपला गेले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, त्याच मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्याच्या नावाची ही शिष्यवृत्ती होय.

साहा यांचा सूर्याच्या वर्णगोलातील आयनीभवनावरील निबंध १९२० मध्ये फिलॉसॉफिकल मॅगझिन या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो त्यांनी कलकत्त्यात असतानाच लिहिला होता. त्यातील विचार असा : उच्च तापमानास अणूतून इलेक्ट्रॉन सुटा होतो, ही क्रिया एखाद्या संयुगाचे रासायनिक विगमन होण्यासारखी आहे आणि म्हणून तिला ऊष्मागतिकीचे तेच नियम लावता येतील. तापमान जितके जास्त व दाब जितका कमी, तितके आयनीभवन अधिक. या एका समीकरणाने अनेक कोडी उलगडली. सूर्याच्या वर्णगोलात खूप उंचीपर्यंत आयनीभूत कॅल्शियमाच्या रेषा का दिसतात, याचे उत्तर तेथील अत्यल्प दाबात मिळाले. रुबिडियम, सिझियम यांसारखी मूलद्रव्ये सूर्याच्या वर्णपटात का आढळत नाहीत, याचेही उत्तर मिळाले. ती तेथे नाहीत असे नव्हे, तर त्यांचे अणू सहज आयनीभूत होतात व मग त्यांच्या नेहमीच्या रेषा दिसत नाहीत. सौर डागांचे तापमान कमी असल्यामुळे तेथे या रेषा सापडाव्यात, असे भाकीत साहा यांनी केले. तसेच ताऱ्यांच्या वर्णपटांचे निरनिराळे प्रकार हे मुख्यत्वे संघटनातील नव्हे, तर तापमानातील फरकामुळे होतात, हेही यातून स्पष्ट झाले.

या भाकिताचा पडताळा कोठे आला हे पाहणे उद्‌बोधक आहे. सौर डागांच्या वर्णपटातील रुबिडियमाच्या रेषा हेन्री नॉरिस रसेल यांना अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेच्या सामग्रीत आढळल्या. समीकरणाचा अधिक काटेकोर विस्तार केंब्रिज येथे आर. एच. फौलर व ई. ए. मिल्न यांनी केला. त्याच्या आधारे ताऱ्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण काढून त्यांत हायड्रोजन सर्वांत विपुल आहे असा निष्कर्ष सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये काढला, तो हार्व्हर्ड येथील हजारो वर्णपट-छायाचित्रांच्या साहाय्याने. ज्या देशात समीकरण जन्मास आले तेथे यांपैकी एकही गोष्ट करता येण्यासारखी नव्हती. कोडईकानलला सौर डागांचे वर्णपट घेतले जात होते, परंतु विद्यापीठातील अध्यापक व ती वेधशाळा यांना जोडणारी कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नव्हती.

अलाहाबाद व दिल्ली : १९२३ ते १९३८ या काळात साहा अलाहाबाद विद्यापीठात होते. अध्यापनाचा भार मोठा व साधने तुटपुंजी असतानाही त्यांनी तेथे भौतिकीची एक शाखापरंपरा निर्माण केली. स्वतः साहा मात्र हळूहळू आयनांबर, अणुकेंद्रीय भौतिकी अशा विषयांकडे वळले. त्यांचे विद्यार्थी दौलतसिंग कोठारी (१९०६–९३) केंब्रिजला शिकून १९३४ मध्ये दिल्ली विद्यापीठात आले. अत्यंत दाबाखाली अणू कसे मोडतात, या प्रश्नाचा विचार करून त्यांनी श्वेत लघुतम ताऱ्यांतील व ग्रहांच्या अंतर्भागातील द्रव्याविषयी सिद्धांत मांडला. दिल्ली विद्यापीठाच्या विभागाच्या नावात भौतिकीबरोबर खगोल भौतिकीचाही उल्लेख असतो, तो याच परंपरेमुळे. कोठारी पुढे १९६१ ते १९७३ पर्यंत विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. विद्यापीठांतील निवडक विभागांना प्रगत अध्ययन केंद्रांचा दर्जा देऊन विशेष साहाय्य करण्याची योजना त्यांच्याच कारकीर्दीतील आहे.

बनारस व सापेक्षतेचा अभ्यास : कोल्हापूर येथे जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर (१९०८–९१) केंब्रिज येथे गणिताची रँग्लर पदवी मिळवून १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. व्यापक सापेक्षता सिद्धांताचा भारतातील एक प्रमुख संप्रदाय तेथे त्यांनी उभा केला. १९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे तरुण अध्यापक स्वतःच्या बचतीवर काही महिने बनारसला येऊन राहिले. प्रारण उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचे भूमितीय वर्णन करणारा त्यांचा विस्तार या वास्तव्यातून निष्पन्न होऊन १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यास आता ‘वैद्य दूरिक’ म्हणतात. त्या काळी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९६३ नंतर क्वासार हे अतिशय तेजस्वी पदार्थ ज्ञात झाले व गुरुत्वीय अवपातास महत्त्व आले, तेव्हा हे काम पुन्हा पुढे आले. कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांची कथाही अशीच आहे. महाविद्यालयातील अध्यापन सोडून एका संशोधन संस्थेत आलेल्या रायचौधुरींना तेथे घन पदार्थांच्या भौतिकीवर काम करावे लागत असे. सापेक्षतेचा अभ्यास ते त्याबरोबर करीत. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे समीकरण रॉजर पेनरोझ व स्टीव्हन हॉकिंग यांच्या विख्यात प्रमेयांचा आधार ठरले. १९६१ पासून निवृत्तीपर्यंत ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकवीत होते.

साहा, कोठारी, वैद्य, रायचौधुरी ही सर्व नावे सैद्धांतिक कामाची आहेत, हा योगायोग नव्हे. भारतीय बुद्धी मुळातच अमूर्ताकडे झुकते, असे स्पष्टीकरण याबाबत काही वेळा दिले जाते, पण त्याची आवश्यकता नाही. कागद, पेन्सिल व ग्रंथालय एवढीच साधने हाताशी असली, म्हणजे होणारे काम सैद्धांतिकच असणार. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे पदवीधर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० मध्ये केंब्रिजला गेले व १९३७ मध्ये अमेरिकेतील यर्कीझ वेधशाळेत रुजू झाले. ते भारतात राहते, तर त्यांनाही यापेक्षा निराळी परिस्थिती लाभली नसती.

उस्मानिया विद्यापीठ : स्वतःची वेधशाळा असलेले विद्यापीठ भारतात बराच काळ एकच होते. हैदराबादचे एक सरदार नबाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेली निझामिया वेधशाळा त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये संस्थानाने ताब्यात घेतली आणि १९१९ मध्ये ती नवस्थापित उस्मानिया विद्यापीठाकडे सोपविली. संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करण्याची जी आंतरराष्ट्रीय योजना १८८७ मध्ये पॅरिस येथे आखली गेली होती, तीतील दक्षिण क्रांती १७° ते २३° हा पट्टा प्रथम चिलीतील सांतिआगो वेधशाळेकडे होता, तो हैदराबादने पूर्ण केला. लाखो ताऱ्यांची स्थाने मोजण्याचे हे काम अनेक वर्षे चालले. ते कंटाळवाणे वाटले, तरी त्यातून वेध घेण्याची शिस्त असलेला एक वर्ग तयार झाला. या वेधशाळेतील एका साहाय्यकाचे पुत्र मनाली कल्लट वेणू बाप्पू (१९२७–८२) वडिलांबरोबर तेथे वेध घ्यावयास शिकले, हैदराबादच्या निझाम महाविद्यालयात भौतिकी शिकले आणि १९४९ मध्ये संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन हार्व्हर्डला गेले. त्याच वर्षी त्यांच्या नावाचा धूमकेतूही सापडला. नैनिताल, कोडईकानल व कावलूर येथील वेधशाळांचा आधुनिक विकास मुख्यत्वे बाप्पू यांनी केला.

उस्मानिया विद्यापीठात १९५९ मध्ये ज्योतिषशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, १९६४ मध्ये त्यास प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा मिळाला व १९६८ मध्ये हैदराबादपासून सु. ५० किमी. अंतरावर जपाल-रंगापूर येथे १·२ मी. व्यासाचा दूरदर्शक कार्यान्वित झाला. कृष्ण दामोदर अभ्यंकर (१९२८–२००७) यांच्या नेतृत्वाखाली तेथे युग्मताऱ्यांचे विस्तृत संशोधन झाले आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष मोठ्या दूरदर्शकावर काम करण्याची संधी मिळाली. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण या वेधशाळेवरूनच दिसले. पुढे अधिक मोठे दूरदर्शक इतरत्र झाले. एका विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातून उपकरणांची सतत देखभाल व नूतनीकरण करणे कठीण असते. त्यामुळे जपाल-रंगापूरचे महत्त्व ओसरत गेले. वेधशाळा नसणे जितके अडचणीचे, तितकेच ती एकाच विद्यापीठाने एकट्याने सांभाळणेही अडचणीचे, हा या अनुभवाचा दुसरा अर्धा भाग आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ : मूलभूत संशोधन विद्यापीठांतच व्हावे, असा साहा यांचा आग्रह होता. प्रत्यक्षात होमी भाभा यांच्या कल्पनेप्रमाणे ते स्वतंत्र संस्थांत केंद्रित झाले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५), अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा (१९४७), बंगलोरची रामन संशोधन संस्था आणि भारतीय खगोल भौतिकी संस्था (१९७१) यांनी खगोल भौतिकीत फार मोठे काम केले. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९७० मध्ये ऊटकमंड येथे पुरा झालेला ५३० मी. लांबीचा रेडिओ दूरदर्शक हे त्याचे एक उदाहरण होय. विद्यापीठांना मात्र याची किंमत द्यावी लागली. चांगले विद्यार्थी एम्.एस्‌सी. होताच संस्थांकडे जात व त्यांना शिकविणारे अध्यापक संशोधनापासून दूर पडत. संस्थांतील विद्वानांस पदवीपूर्व वर्गापुढे उभे राहण्याचा प्रसंग क्वचितच येई. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने १९८२ मध्ये ज्योतिषशास्त्राचा संयुक्त पीएच्.डी. अभ्यासक्रम सुरू केला, तो पदव्युत्तर अध्यापनाच्या दृष्टीने उपयुक्त ठरला. तरीही महाविद्यालयांतील व लहान विद्यापीठांतील अध्यापकांचा प्रश्न त्याने सुटला नाही.

आंतरविद्यापीठ केंद्र : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती करून अनेक विद्यापीठांना सामायिक अशी केंद्रे स्थापण्याचा अधिकार आयोगास देण्यात आला. आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष यश पाल यांच्या पुढाकाराने ज्योतिषशास्त्र व खगोल भौतिकी यांसाठी असे केंद्र काढण्याचे ठरले आणि त्याची आखणी जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५), नरेश दधीच व अजित केंभावी यांनी केली. पुणे विद्यापीठाच्या (आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) गणेशखिंड येथील आवारात १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली. मराठीत ती ‘आयुका’ या संक्षिप्त नावाने परिचित आहे. नारळीकर हे २००३ पर्यंत तिचे संचालक होते. त्यांचे वडील वि. वा. नारळीकर हे १९६६ ते १९७३ या काळात पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक होते व दधीच हे त्यांचे तेथील विद्यार्थी. त्यामुळे बनारसच्या संप्रदायाचा एक धागा आयुकापर्यंत आलेला आहे. चार्ल्स कोरिया यांनी रचना केलेल्या वास्तूचे लोकार्पण डिसेंबर १९९२ मध्ये चंद्रशेखर यांच्या हस्ते झाले. ज्या शहरातून १९१२ मध्ये दूरदर्शक हलविण्यात आला, तेथेच ७६ वर्षांनी विद्यापीठांसाठी ही संस्था उभी राहिली. अर्थात जागेची निवड या कारणाने झाली नव्हती.

आयुकाची कार्यपद्धती इतर संशोधन संस्थांहून भिन्न आहे. तिचा स्वतःचा अध्यापकवर्ग लहान असून देशभरातील विद्यापीठे व महाविद्यालये यांतील अध्यापकांना ठराविक मुदतीसाठी सहयोगी म्हणून नेमण्यात येते. सहयोगी अध्यापक आपली नोकरी न सोडता सुट्टीत पुण्यास येऊन राहतो, ग्रंथालय व संगणक वापरतो, आपल्या विद्यार्थ्यांस बरोबर आणतो आणि परत जाऊन शिकवितो. त्याच्या प्रवासाचा व निवासाचा खर्च केंद्र करते. वैद्य यांना जे काही महिने स्वतःच्या बचतीवर काढावे लागले, त्याची ही संस्थात्मक तरतूद म्हणता येईल. केंद्राच्या उपकरण-प्रयोगशाळेत अध्यापकांनी प्रकाशमापक स्वतः जोडून आपापल्या विद्यापीठांतील लहान दूरदर्शकांसाठी नेले. निरनिराळ्या राज्यांत विद्यापीठांच्या आवारांत आयुकाची साहाय्य केंद्रेही निघाली. केंद्राच्या यशाचे मापन केवळ पुण्याहून प्रसिद्ध झालेल्या निबंधांवरून न करता लहान गावांतील किती विभाग जागे झाले यावरून करावयास हवे. या कसोटीवर चित्र संमिश्र आहे. काही विद्यापीठांत उत्साही गट तयार झाले, तर काही ठिकाणी एक अध्यापक निवृत्त होताच काम थांबले. रिकाम्या राहणाऱ्या अध्यापकांच्या जागा हा प्रश्न आयुकाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

साधने : पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका आता या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा झाला आहे. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या असून त्यांपैकी १४ मध्यभागी सु. एक चौ. किमी. क्षेत्रात व बाकीच्या तीन भुजांवर सु. २५ किमी. अंतरापर्यंत पसरलेल्या आहेत. टाटा संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राने तो बांधला. हे केंद्र आयुकाच्या शेजारीच आहे व दोहोंनी पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संयुक्त अध्यापन चालविले. गिरवली येथे आयुकाचा २ मी. व्यासाचा प्रकाशीय दूरदर्शक २००६ मध्ये कार्यान्वित झाला. पावसाळ्यात तो बंद ठेवावा लागतो. लडाख किंवा चिलीसारखे आकाश सह्याद्रीत मिळत नाही, परंतु मुंबई-नाशिककडील विद्यार्थी सकाळी निघून रात्री वेधास उभा राहू शकतो, ही सोय अध्यापनाच्या दृष्टीने लहान नाही.

गेल्या तीन दशकांत साधनांचा अर्थच काहीसा बदलला आहे. मोठ्या दूरदर्शकांचे व उपग्रहांचे वेध ठराविक काळानंतर सर्वांस खुले होतात व ते संगणकावरून मिळविता येतात. अशा सामग्रीचा उपयोग सुलभ व्हावा म्हणून आयुकाने पुण्यातील पर्सिस्टंट सिस्टिम्स या संगणक-कंपनीच्या सहकार्याने आभासी वेधशाळेचा प्रकल्प हाती घेतला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या सामग्रीचा उपयोग करण्यासाठी विद्यापीठीय संशोधकांस साहाय्य करणारा कक्षही आयुकातच काढण्यात आला. साहा यांच्यासमोर जी अडचण होती ती यामुळे बरीच कमी झाली आहे. अडचण आता सामग्रीची नसून ती हाताळण्यास शिकविणाऱ्या अध्यापकाची आहे.

अध्ययनाचा क्रम : भारतात या विषयाचे बहुतेक विद्यार्थी भौतिकीची एम्.एस्‌सी. करून, काही गणिताकडून व अलीकडे अभियांत्रिकीकडूनही येतात. ज्योतिषशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम थोड्याच विद्यापीठांत आहे. इतरत्र तो भौतिकीतील एक वैकल्पिक विषय असतो. प्रवेशपरीक्षेनंतर संशोधक विद्यार्थ्यास प्रथम ताऱ्यांची अंतर्रचना, दीर्घिका, विश्वस्थितिशास्त्र, प्रारणाच्या क्रिया, वेधतंत्रे इ. विषय शिकविले जातात व त्यानंतर तो मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रबंधाचे काम सुरू करतो. गणित व संगणन यांची पूर्वतयारी या अभ्यासात अपरिहार्य आहे. आकाशातील तारे ओळखता येणे मात्र, आश्चर्य वाटले तरी, आवश्यक मानले जात नाही. जुन्या वेधशाळांत शिकलेल्या पिढीस हे रुचणे कठीण होते.

गुरुत्वीय तरंगांचे संशोधन : गुरुत्वीय तरंगांविषयीचे काम हे विद्यापीठीय परंपरेचे अलीकडील महत्त्वाचे फलित होय. संजीव धुरंधर १९८९ मध्ये आयुकात आले. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासमवेत १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी परस्परांभोवती फिरत एकमेकांत विलीन होणाऱ्या ताऱ्यांचा अत्यंत क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा करण्यासाठी कोणते गणिती साचे वापरावेत, याचे विवरण केले. संकेत शोधू शकणारे उपकरण तेव्हा अस्तित्वात नव्हते व असे तरंग कधी सापडतील याबद्दल अनेकांना शंका होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन शोधकांनी कृष्णविवरांच्या मीलनाचा संकेत प्रथम टिपला. त्याचे विश्लेषण करणाऱ्या जागतिक गटात भारतीय विद्यार्थी व अध्यापकही होते. अशाच प्रकारचा, प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन काटकोनी भुजांचा शोधक हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे उभारण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये सु. २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. आयुका ही या प्रकल्पातील प्रमुख संस्थांपैकी एक आहे. हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. शोधक चालविण्यासाठी लेसर, निर्वात तंत्र, कंपनमापन व संगणन यांत प्रशिक्षित अशा मनुष्यबळाची दीर्घकाळ गरज लागणार असून त्यातील किती जण मराठवाड्यातील महाविद्यालयांतून येतील, हे तेथील भौतिकी विभागांच्या प्रयोगशाळांवर व अध्यापकांच्या नेमणुकांवर अवलंबून आहे.